नाव ठाऊक नसलेल्याचा शोध

जुन्नर तालुक्यातल्या माझ्या मेहुण्याने विहिरीवरच्या मोटरसाठी एक पेटी थेट कोइम्बतूरहून मागवली होती. पेटी लहानशीच, मोटरच्या स्टार्टरला जोडायची. तिच्यात मोबाइलचे सिमकार्ड असते. घरून फोन लावला की मळ्यातली मोटर चालू होते, पुन्हा लावला की बंद होते. शेतीची वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत दोन वाजता उठायचे, बॅटरी घ्यायची आणि उसाच्या कडेकडेने विहिरीपर्यंत जायचे. बिबट्यांच्या त्या मुलखात याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. पेटी आली, एक हंगाम नीट चालली आणि पुढच्या पावसाळ्यात बंद पडली. दुरुस्तीला तिकडून कोणी येणार नव्हते. मेहुणा पुन्हा बॅटरी घेऊन रात्री निघू लागला.

माझा एक जुना मित्र नेमकी हीच पेटी बनवतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा लहान कारखाना आहे, मेहुण्याच्या विहिरीपासून फार तर ऐंशी किलोमीटरवर. एका लग्नाच्या पंगतीत हे दोघे योगायोगाने शेजारी बसले, तेव्हा त्यांना एकमेकांचा पत्ता लागला. मेहुणा मला म्हणाला, “दाजी, मी दोन महिने मोबाइलवर हुडकत होतो. यांचं नाव एकदासुद्धा आलं नाही.” मित्राचा घास हातातच राहिला. वेबसाइटवर त्याने दोनदा चांगले पैसे खर्च केले होते.

मी संगणक अभियंता नाही. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तीस वर्षे ग्रंथपाल होतो. वस्तू आहे आणि तरी सापडत नाही, हा माझ्या धंद्यातला रोजचा प्रश्न. चुकीच्या फडताळात गेलेले पुस्तक हरवल्यातच जमा, हे आम्ही नव्या मदतनिसाला पहिल्याच दिवशी सांगत असू. म्हणून मित्राने विचारले तेव्हा मी त्याच्या कारखान्यात जाऊन बसलो. पुढे त्याच्या ओळखीच्या आणखी काही कारखानदारांच्या आणि संगणक-व्यावसायिकांच्या वेबसाइट चाळल्या. तंत्रज्ञानात मुरलेल्या या माणसांच्या चुका इतक्या सारख्या होत्या की त्यांची टिपणे काढावीत असे वाटले.

मित्राने मला खुर्ची दिली आणि गूगलच्या शोधपेटीत स्वतःच्या कंपनीचे नाव टाइप केले. कंपनी पहिल्या ओळीत आली. “हे बघ, पहिला नंबर. मग तुझ्या मेहुण्यालाच का दिसत नाही?”

पहिली चूक हीच. मालक स्वतःला नावाने शोधतो, सापडतो आणि निर्धास्त होतो. मेहुण्याला ते नाव ठाऊकच नव्हते. ठाऊक असते तर त्याने शोधले कशाला असते, सरळ फोन केला असता. तुकारामांच्या गाथेच्या शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची असते, ती पहिल्या चरणाची. पहिला चरण ओठांवर आहे त्याला अभंग क्षणात मिळतो. मधलाच एखादा शब्द आठवतो आहे, त्याने पाने उलटत बसावे. स्वतःच्या नावाने स्वतःला शोधणारा मालक पहिला चरण पाठ असलेल्या वाचकासारखा असतो. गिऱ्हाईक मात्र नेहमी मधल्या शब्दापासून सुरुवात करते.

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला दुसरा नियम सांगतो की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, आणि तिसरा सांगतो की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. विद्यार्थी असताना मला ही दोन्ही वाक्ये एकच वाटत. तिसऱ्या नियमात जास्त कष्ट आहेत हे नोकरीत कळले. वाचक निदान टेबलापाशी येऊन विचारतो, पुस्तक बिचारे बोलत नाही. आणि इंटरनेटवर तर टेबलही नाही. जो शोधून निराश झाला तो तक्रार करायला येत नाही, दुसरीकडे जातो. त्यामुळे चूक वर्षानुवर्षे राहते आणि तिचा आवाज होत नाही.

शोधयंत्राचे काम कसे चालते ते आधी थोडक्यात सांगतो. आपण शब्द टाइप केल्यावर गूगल सारे इंटरनेट धुंडाळायला निघते, असा अनेकांचा समज असतो. तसे नसते. त्याचे स्वयंचलित भटके आधीच पाने वाचून ठेवतात. एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर, असा त्यांचा अखंड प्रवास चालू असतो. वाचलेल्या पानांची शब्दसूची तयार होते: हा शब्द, तो अमुक पानांवर आला आहे. ग्रंथाच्या शेवटी असते तशीच ही सूची, फक्त तिच्यात जगभरची पाने आहेत. आपण शोधतो ते या सूचीत. म्हणजे सापडायचे असेल तर तीन गोष्टी व्हाव्या लागतात. भटक्याला पानापर्यंत पोहोचता आले पाहिजे, पानावरची अक्षरे त्याला वाचता आली पाहिजेत, आणि शोधणाऱ्याच्या तोंडचे शब्द तिथे असले पाहिजेत. चौथी गोष्ट क्रमाची, ती पुढे सांगतो.

मित्राच्या बाबतीत पहिलीच पायरी मोडली होती. शोधपेटीत रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि त्याला चिकटून वेबसाइटचा पत्ता लिहिला, की त्या वेबसाइटची कोणती पाने गूगलच्या सूचीत आहेत याचा अंदाज येतो. मुखपृष्ठ आले, ‘आमच्याविषयी’ आले, संचालकांचा दिवाळीच्या शुभेच्छांचा संदेश आला. उत्पादनांचे एकही पान आले नाही.

कारण शोधायला अर्धा तास लागला. प्रत्येक वेबसाइटच्या दाराशी ‘रोबोट्स’ नावाची एक साधी मजकुराची फाइल ठेवता येते. कोणत्या दालनात यावे, कोणत्या दालनात येऊ नये, हे भटक्यांना सांगणारी ती पाटी. मार्टिन कोस्टर यांनी 1994 मध्ये ही पद्धत सुचवली आणि जवळजवळ तीन दशके ती नुसत्या सामंजस्यावर चालली. तिला इंटरनेटच्या मानकाचे अधिकृत रूप मिळाले ते 2022 मध्ये. मित्राची वेबसाइट तीन वर्षांपूर्वी नव्याने बांधली, तेव्हा अर्धवट पाने लोकांना दिसू नयेत म्हणून बांधणाऱ्याने उत्पादनांच्या विभागावर ‘येऊ नये’ अशी पाटी लावली होती. काम झाले, बिल झाले, मुखपृष्ठावर झेंडूच्या माळा लावून उद्घाटन झाले. पाटी तशीच राहिली. तीन वर्षे भटके इमानाने दारापर्यंत येत होते आणि परत जात होते.

ही चूक विरळ नाही. वर्डप्रेसच्या मांडणीत तर शोधयंत्रांना नोंद न करण्याची विनंती करणारी एक चौकोनी खूण असते. बांधकाम चालू असताना ती केली जाते आणि नंतर काढायची राहून जाते. पाहायला दोन मिनिटे लागतात, पण पाहायचे असते हेच कोणाला ठाऊक नसते.

त्याच नव्या बांधणीत दुसरा घोळ झाला होता. जुन्या पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यांवर काहीच ठेवले नाही. पूर्वी एका कृषी दैनिकाने या पेटीवर चांगला लेख लिहिला होता. त्यातला दुवा आता ‘पान सापडत नाही’ या सूचनेवर जाऊन आदळत होता. ग्रंथालयात पुस्तकांचे वर्गांक बदलावेत आणि तालिकेतली कार्डे जुनीच ठेवावीत, तसे हे. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचे वळवण्याची सोय असते. तंत्रज्ञ तिला तीनशे एक म्हणतात, कारण सर्व्हर त्या क्रमांकाचा निरोप देतो. पोस्टमनला नवा पत्ता सांगून ठेवण्याइतकेच ते काम. ते न केल्यामुळे आठ-नऊ वर्षांत लोकांनी ठिकठिकाणी दिलेले दुवे एका दिवसात निकामी झाले.

आता अक्षरांकडे येतो. माझ्या मते मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे अशी जागा हीच आहे.

मित्राच्या वेबसाइटवर मराठी माहितीपत्रक होते. सुंदर, रंगीत. पण ते होते चित्र. छापखान्यासाठी केलेल्या फाइलीचे चित्र करून चढवलेले. माणसाला त्यात अक्षरे दिसतात, भटक्याला रंगांचे ठिपके. चित्रातली अक्षरे ओळखण्याची तंत्रे आता पुष्कळ सुधारली आहेत हे खरे, पण आपली सगळी विक्री त्या भरवशावर टाकण्याचे कारण नाही.

दुसऱ्या एका उद्योजकाने मला अभिमानाने सांगितले, “आमचं पत्रक चित्र नाही, पीडीएफ आहे. अक्षरं निवडता येतात.” मी अक्षरे निवडली, नक्कल करून दुसरीकडे चिकटवली आणि रोमन अक्षरांची गिचमीड समोर आली. हा आपल्या डीटीपीच्या पिढीचा वारसा. युनिकोडच्या 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे संकेत आहेत. पण आपल्याकडची छपाई त्याआधीच्या सोयीने रुळली आणि पुढेही बराच काळ तशीच चालली. ती सोय अशी, की रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रे बसवायची. कृतिदेव या टंकात ‘राम’ लिहा. पडद्यावर, कागदावर ‘राम’ दिसेल. संगणकाच्या स्मरणात मात्र जे, के, ई ही तीन रोमन अक्षरे साठवलेली असतात. टंकाचा मुखवटा उतरला की राम नाहीसा होतो. असा मजकूर इंटरनेटवर शंभर पाने चढवला तरी मराठी शब्द शोधणाऱ्याला त्यातले एकही पान लागणार नाही, कारण यंत्राच्या लेखी तिथे मराठी नाहीच. (जुन्या दिवाळी अंकांच्या मूळ फाइली ज्यांनी जपून ठेवल्या आहेत, त्यांनी एकदा हा प्रयोग करून पाहावा. मी करून पाहिला आणि दिवसभर अस्वस्थ होतो.)

युनिकोडमध्ये आले म्हणजे सारे निभावले असेही नाही. ‘ॲप’ हा शब्द घ्या. त्याचा पहिला स्वर कोणी ‘ऍ’ लिहितो, कोणी ‘अ’वर अर्धचंद्र चढवतो. मराठी वळणाच्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत मिळाला तो 2008 मध्ये. त्याआधीचा आणि सवयीने त्यानंतरचाही मजकूर जोडाजोडीने लिहिलेला. ‘दुसऱ्या’ मधला रफार नसलेला तो चंद्रकोरीसारखा र दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मोठी शोधयंत्रे यातले बरेच सांभाळून घेतात. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर कोपऱ्यात भिंगाचे चित्र असलेली शोधपेटी असते, ती बहुधा घेत नाही. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मराठी पानावर मी तिच्याच उत्पादनाचे नाव टाइप केले आणि ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर मिळाले. नाव ‘ॲ’ने सुरू होत होते.

पण समजा दार उघडे आहे आणि अक्षरे वाचता येतात. तरी माझ्या मेहुण्याला मित्र सापडला नसता, कारण सगळ्यांत मोठी चूक शब्दांची होती.

त्या पेटीला मित्राच्या इंग्रजी पानावर ‘इंटिग्रेटेड इरिगेशन ऑटोमेशन सोल्युशन’ असे नाव होते. मराठी हवे म्हणून कोणाकडून तरी भाषांतर करून घेतले होते. ते ‘समाकलित सिंचन स्वयंचलन उपाययोजना’ असे झाले होते. मित्राला विचारले, हे कोण म्हणतो? तो हसला. कोणीच म्हणत नाही. मग मेहुण्याला फोन लावला आणि त्याने काय काय टाइप केले होते ते विचारले. ‘मोबाइल स्टार्टर’, ‘सिमवर चालणारा स्टार्टर’, ‘लाइट आल्यावर मोटर आपोआप चालू’. यातला एकही शब्दसमूह मित्राच्या साऱ्या वेबसाइटवर नव्हता. त्याच्या पानावर ‘विद्युतपुरवठा पूर्ववत होताच’ असे होते. शेतात विद्युतपुरवठा पूर्ववत होत नाही. लाइट येते.

तंत्रज्ञ हे असे का करतात, याचा मी पुष्कळ विचार केला. एक कारण उघड आहे. ते आपले पान गिऱ्हाइकासाठी लिहीत नाहीत, प्रतिस्पर्ध्यासाठी, बँकेच्या अधिकाऱ्यासाठी, क्वचित परदेशी भागीदारासाठी लिहितात. ‘स्टार्टर’ म्हटले तर आपण वायरमन ठरू, ‘सोल्युशन’ म्हटले तर कंपनी. दुसरे कारण अधिक खोल आहे. ज्याने वस्तू बनवली तो तिला तिच्या रचनेवरून ओळखतो, आणि ज्याला ती हवी आहे तो स्वतःच्या अडचणीवरून. मित्राच्या डोळ्यांसमोर सर्किट असते, मेहुण्याच्या डोळ्यांसमोर रात्रीचे दोन वाजलेले असतात. एकाच वस्तूची ही दोन नावे आपोआप भेटत नाहीत, कोणीतरी भेटवावी लागतात. कार्ड-तालिकेत आम्ही त्यासाठी ‘पाहा’ची कार्डे घालत असू. ‘साखरेचा आजार: पाहा मधुमेह.’ तज्ज्ञाचा शब्द खाली ओढायचा नाही आणि वाचकाच्या शब्दाला हसायचे नाही. दोन्ही ठेवायचे आणि मध्ये बोट दाखवायचे.

इथे एक पळवाट काढली जाते. मित्राच्या पानांच्या पोटात, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, बांधणाऱ्याने दीडशे शब्दांची यादी भरून ठेवली होती. स्टार्टर होता, पंप होता, ‘बेस्ट’ आणि ‘नंबर वन’ही होते. एके काळी शोधयंत्रे ही छुपी यादी वाचत. लोकांनी तिच्यात वाटेल ते भरायला सुरुवात केली. क्रम लावताना आपण ती विचारात घेत नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले. तरी आजही ती भरण्याचे पैसे घेतले जातात. शब्द यायचा तो दिसणाऱ्या मजकुरात, शीर्षकात, वाक्यात आला पाहिजे.

क्रमाची गोष्ट राहिली. शब्द हजार पानांवर असेल तर कोणते पान वर? सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना 1998 साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी विद्वानांच्या जगातली जुनी रीत इंटरनेटला लावली. ज्या शोधनिबंधाचा हवाला पुष्कळ जण देतात तो महत्त्वाचा, आणि हवाला देणारा स्वतः वजनदार असेल तर अधिकच. दुवा म्हणजे हवाला. आज क्रम ठरवताना इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात, तरी ‘तुमच्याविषयी दुसरे कोण बोलते’ हा प्रश्न टिकून आहे. आमच्या लहान कंपन्या इथे मार खातात, कारण त्यांच्याविषयी फक्त त्या स्वतःच बोलतात. गावोगावचे विक्रेते आहेत, पण त्यांच्या पानावर कंपनीचा पत्ता नाही. प्रदर्शनात गाळा घेतला, पण प्रदर्शनाच्या यादीत वेबसाइट द्यायची राहिली. आणि मग रोज कोणीतरी फोन करतो, ‘सर, पहिल्या पानावर आणण्याची गॅरंटी’. हे लोक बहुधा विकतचे दुवे लावतात. तसे दुवे ओळखून त्या वेबसाइटना खाली ढकलण्याचा बदल गूगलने 2012 मध्ये केला, त्याला पेंग्विन असे नाव होते. गॅरंटी कोणालाच देता येत नाही, कारण क्रम लावणारा दुसराच कोणी आहे.

नकाशावरच्या नोंदीचा घोळ तर हास्यास्पद होता. कंपनी नव्या ब्लॉकमध्ये जाऊन चार वर्षे झाली होती आणि नकाशावरची टाचणी जुन्या शेडवर होती, जिथे आता मसाल्याचे पॅकिंग चालते. तिथल्या मुलांनी किती माणसांना वाट सांगितली असेल कोण जाणे.

आता शोधाच्या उत्तरात पानांच्या यादीआधी यंत्राने स्वतः रचलेला परिच्छेदही येऊ लागला आहे. भारतात गूगलने ही सोय 2024 मध्ये आणली. मित्राने धास्तीने विचारले, आता हे सगळे वाया का? मला तसे वाटत नाही. ते यंत्रही कुणाची तरी पाने वाचूनच बोलते. ज्याचे पान बंद दाराआड आहे, चित्रात आहे, किंवा ‘समाकलित उपाययोजने’त आहे, त्याच्याविषयी ते काय बोलणार?

आम्ही केले ते एवढेच. पाटी काढली, जुने पत्ते नव्याकडे वळवले, माहितीपत्रक युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेतले. मराठी पान मित्राच्या सर्व्हिसच्या मुलाकडून तोंडी सांगून घेतले आणि मी नुसते शुद्धलेखन पाहिले. तो मुलगा रोज शेतकऱ्यांचे फोन घेतो, त्याला शब्द शोधावे लागले नाहीत. महिना दीड महिना काही घडले नाही. मित्र वैतागला होता. मग हळूहळू पाने सूचीत दिसू लागली.

गूगल वेबसाइटच्या मालकाला एक फुकट सोय देते. लोकांनी काय शोधले असता आपले पान समोर आले, त्याची यादी तीत मिळते. ती पहिल्यांदा उघडली तेव्हा मी शेजारीच होतो. ‘मोबाइल स्टार्टर किंमत’, ‘सिम स्टार्टर दुरुस्ती पुणे’, ‘रात्रीची मोटर घरून चालू’ असे एकेक वाचत तो खाली गेला. एका ओळीवर थांबला. ‘मोटर चालू झाली पण पाणी येते का कसे कळेल.’ बराच वेळ तो काही बोलला नाही. मग सर्व्हिसच्या मुलाला हाक मारून त्याने विचारले, “हे आपल्याला फोनवर कोणी विचारतं का रे?”

“रोज विचारतात, सर.”

मेहुण्याची कोइम्बतूरची पेटी मी त्याच दिवशी सोबत नेली होती. मित्राने ती टेबलावर उघडली, आतली मांडणी दिव्याखाली धरून पाहिली आणि म्हणाला, “चांगली बनवलीय रे. एक रिले गेलाय फक्त.” रिले बदलायला वीस मिनिटे लागली.